'मला कुणी नाही' असं आई म्हणाल्या नाहीत

सुमनताईंचा फोन आला तेव्हा मी घरूनच काम करत होतो. सुमनताई म्हणजे सांगलीला माझ्या सासूबाईंच्या शेजारीण. "बाथरूमचं दार फोडावं लागलं हो..." एवढंच त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. पुढचं विचारायची गरजच उरली नाही. माझी बायको वृषाली इथे ब्रिटनमध्ये, कार्डिफला हॉस्पिटलात वृद्धांच्या वॉर्डवर नर्स आहे. ड्यूटीवर असताना तिचा फोन लॉकरमध्ये असतो, म्हणून मी गाडी काढली आणि थेट वॉर्डवर गेलो. ती एका गोऱ्या आजींना धरून बाथरूमकडे नेत होती. एक पाऊल, थांबायचं, मग दुसरं. मला बघून तिने मोकळ्या हाताने 'थांब' अशी खूण केली. मी थांबलो. आजी आत जाऊन आल्या, तिने त्यांना खुर्चीत बसवलं, पायांवर ब्लँकेट नीट खोचलं... आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई ना?"

आई, म्हणजे मी सासूबाईंना आईच म्हणायचो, सांगलीत घरातल्या पुढच्या खोलीत शिवणक्लास चालवायच्या. नवरा लवकर गेला. मशीनवर बसून त्यांनी एकुलत्या मुलीला नर्सिंगला घातलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील मार्केट यार्डात हमाल होते. लग्न ठरताना वृषालीचे मामा माझ्या घरादाराची चौकशी करायला लागले तेव्हा आईंनी त्यांना मध्येच तोडलं. "मुलगा स्वतःच्या हिमतीवर शिकलाय. घराला काय चाटायचंय?" हे वाक्य मी आजही मिरवतो.

त्या आमच्याकडे व्हिजिटर व्हिसावर यायच्या. विमानतळावरच्या साहेबाला काय सांगायचं याची तालीम मी फोनवर घ्यायचो. माझं घर तिकडे आहे, पुतण्या आहे, शेजारपाजार आहे, मी परत जाणार. सगळं खरंच होतं. त्या ते घोकून घ्यायच्या आणि बाहेर आल्या की हसायच्या, "असं ठणकावून सांगितलं, साहेबाला वाटलं असेल ही म्हातारी आलीच कशाला!" इथे बसून त्यांनी आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचे पडदे शिवून दिले. मग कंपवात सुरू झाला. आधी हात पदराखाली लपवले. नंतर सुईत दोरा जाईना, मग घास तोंडापर्यंत नीट जाईना. पुतण्या स्वभावाने चांगला, पण राहणार पुण्याला, येणार गणपती-दिवाळीला. कामाला बाई ठेवली तर "तू बस गं, मी करते" म्हणून आई तिलाच चहा करून द्यायच्या. दोन बायका कंटाळून सोडून गेल्या.

वृषालीच्या नोकरीवर आम्हाला इथे कायमचं राहायचं पर्मनंट मिळालं त्या संध्याकाळी मी शिरा केला होता. तिने चमचाही लावला नाही. म्हणाली, "आता आईला आणायचं. कायमचं." मला वाटलं, कागद नीट लावले की झालं. शिकलेल्या माणसाचा कागदावर फार विश्वास असतो. लंडनमधल्या ईलिंगच्या वकीलबाईंनी समजावलं की आईवडिलांसाठी ही वाट जवळपास बंदच आहे. अर्ज तिकडून करायचा. आईंना स्वतःचं काही करता येत नाही, आणि तिथे त्यांचं करणारं कुणी नाही, पैसे टाकूनही मिळत नाही, हे सगळं सिद्ध करायचं. वृषाली ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे ती पार कोलमडेपर्यंत वाट बघायची, आणि तरी विमानात बसण्याइतकी धड राहायला हवी, असंच ना?"

मग अर्जाला लागणाऱ्या डॉक्टरी दाखल्यासाठी पुन्हा तालीम. या वेळी उलटी.

"आई, डॉक्टर विचारतील, एकटीने आंघोळ जमते का?"

"जमते की."

"अहो, परवाच पडलात तुम्ही!"

"पडले, पण आंघोळ झाल्यावर."

वृषालीने माझ्या हातातून फोन घेतला. "आई, फक्त खरं सांग गं. मला कुणी नाही, मला जमत नाही. एकदा तरी लाचार हो माझ्यासाठी!" आई म्हणाल्या, "वृषे, मला लाचार होता आलं असतं, तर तू नर्स झाली असतीस का?"

डॉक्टरांकडे पुतण्या घेऊन गेला. आई इस्त्रीची इरकल नेसून, शेजारणीकडून वेणी घालून घेऊन गेल्या. बाहेर पडल्याबरोबर त्याचा मला फोन. "दाजी, काकू एकदम फर्स्ट क्लास बोलली!" काय बोलली, ते मी विचारून घेतलं. घरी कोण बघतं, असं डॉक्टरांनी विचारलं होतं, आणि आईंनी न अडखळता विमानतळावरचं उत्तर दिलं होतं. माझं सगळं इथेच आहे. घर आहे, पुतण्या आहे, शेजारपाजार आहे. डॉक्टरांनी हाताचा कंप लिहिला आणि त्याखाली हेही लिहिलं. अर्ज नामंजूर झाला. नकाराच्या पत्रात आईंचंच बोलणं होतं, आणि व्हिजिटर व्हिसाच्या वेळी आम्हीही हेच लिहून दिलं होतं, याचीही आठवण करून दिली होती. आम्ही अपील केलं. वृषालीच्या रजा संपल्या होत्या. नोकरी सोडून सांगलीला जाते, असं ती रोज म्हणायची. घराचे हप्ते तिच्याही पगारावर होते, तेव्हा मी रोज म्हणायचो, "अपीलची तारीख येऊ दे."

एकदा मी आईंना विचारलंच, असं का बोललात? म्हणाल्या, "तुम्हीच शिकवलं होतंत ना, जावईबापू? साहेबासमोर मला तेवढंच पाठ." खरंच पाठ होतं म्हणून बोलल्या, की मान खाली घालायची नव्हती म्हणून, मला आजही सांगता येत नाही. कॉलेजात गरीब विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी माझं नाव पुकारलं, तेव्हा मीही जागेवरून उठलो नव्हतो. मी त्यांना काय बोलणार?

आईंचं दिवसकार्य उरकून सांगलीहून आलो त्याला आता काही आठवडे झाले. खालची पुढची खोली आम्ही आईंसाठी तयार केली होती. बुटका पलंग, भिंतीला धरायचे दांडे, शेजारीच न्हाणीघर. अपीलला त्या खोलीचे फोटो जोडले होते. अपील मागे घेतो असं कळवा, असा वकीलबाईंचा निरोप आलाय. वृषाली म्हणते, "इतक्यात नको लिहूस." ड्यूटीवरून आली की अंगावरचा कोटही न काढता ती आधी त्या खोलीत जाते आणि खोली तापवणारा रेडिएटर चालू करते. घरभर फिरून रेडिएटर बंद करणारा माणूस मी. आई मला चिडवायच्या, "तुमच्या विलायतेत थंडी फुकट आणि ऊब विकत." त्या खोलीतल्या रेडिएटरला मात्र मी हात लावत नाही. कुणी झोपत नाही तिथे, तरी खोली उबदार असते.

परवा वृषालीला यायला उशीर होणार होता. अंधार पडायच्या आत मीच जाऊन तो चालू केला.