इरा बोलली ती दोन खोल्यांची शाळा

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष होत होतं. माझा नवरा नीलेश ऑफिसात रुळला होता, पण आमची साडेपाच वर्षांची इरा शाळेत चकार शब्द काढत नव्हती. घरी अखंड टकळी, आणि शाळेच्या फाटकातून आत गेली की तोंडाला कुलूप. शेजारच्या मीनलताई म्हणाल्या, "अगं, माळापलीकडच्या खेड्यात लहान मुलांची एक शाळा आहे. सरकारीच, फी नाही. पण शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची. बघून तर ये."

फोन करून वेळ घेतली (तुम्हीही घ्या, न कळवता गेलेलं इथे चालत नाही) आणि मे महिन्यातल्या एका सकाळी इराला सायकलच्या मागच्या सीटवर बसवून निघाले.

इथल्या सायकलवाटांच्या चौकांना नंबर असतात. ते आधी उतरवून घेतले की नकाशा लागत नाही. आधी पाइनचं जंगल, मग एकदम उघडा माळ. ई-बाइक असेल तर उत्तम, माळावर वारा समोरून झोडपतो. खाण्याचं मात्र सोबत घ्या, वाटेत काही मिळत नाही. आम्ही एका बाकावर थालीपीठ खाल्लं. इरा वाटभर गात होती. शाळेची कौलं दिसली आणि गाणं थांबलं.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक मोठी बाग. चार ते आठ वर्षांची मुलं एकत्रच. इथे बाईंना 'युफ' म्हणतात. युफ आन्के साठीच्या, पायात चिखलाने भरलेले बूट. सगळी गोल करून बसली होती आणि प्रत्येक जण आज आपल्या आत कसली हवा आहे, ऊन की पाऊस, ते सांगत होता. "माझ्या पोटात वारा सुटलाय," एक चिमुरडा म्हणाला. माझ्या मोडक्या डचलाही ते कळलं.

मग इराची पाळी आली.

कुणी हसलं नाही. कुणी "बोल ना" म्हणालं नाही. तिच्या वतीने बोलायला मी तोंड उघडलं, तर आन्केंनी हळूच हात वर करून मला थांबवलं. एवढी एवढीशी मुलं, पण चुळबुळसुद्धा नाही. कुणासाठी तरी थांबणं हेच जणू त्यांचं त्या वेळचं काम होतं. असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आणि इरा स्वच्छ मराठीत म्हणाली, "मला शू लागलीय."

"काय म्हणाली?" आन्केंनी मला इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि मुलांना डचमध्ये सांगितलं. लोटे नावाची दोन वेण्यांची मुलगी उठली आणि इराचा हात धरून तिला घेऊन गेली.

त्या दोघी परतल्याच नाहीत. खिडकीतून पाहिलं, तर बागेत कोंबड्यांना दाणे टाकत होत्या.

निघताना मी आन्केंना म्हटलं, "ती शाळेत बोलत नाही, म्हणून आम्ही..."

"बोलते की! आत्ताच बोलली," त्या म्हणाल्या. "डच बोलत नाही, एवढंच."

संध्याकाळी जेवताना नीलेशने शंका काढली, "दोनच खोल्या? आणि रोज एवढ्या लांब नेणार?" मी उत्तर देणार, तेवढ्यात इरा म्हणाली, "बाबा, कोंबडीला किप म्हणतात."

नीलेशचा घास हातातच राहिला. "परत म्हण."

"किप!"

तिने घरी आणलेला तो पहिला डच शब्द होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिला तिथे प्रवेश मिळाला. पावसात माळ ओलांडताना माझा जीव मेटाकुटीला येतो, खोटं कशाला बोलू? पण लोटे आणि ती आता डचमध्ये कडाकडा भांडतात. गोलात मात्र इरा अजून कमीच बोलते. तिची पाळी आली की सगळे थांबतात. कधी कधी ती नुसती मान हलवते.

तेही चालतं.