नवरदेवाच्या मामांचं बक्षीस

माझ्या धाकट्या दिरांइतका कडेच्या माणसावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि या एका खोडीपायी त्यांनी पोटच्या लेकीचं लग्न मोडत आणलं होतं. मुख्य माणूस त्यांना दिसायचाच नाही. कीर्तनाला गेले तर बुवांनी काय सांगितलं ते यांना विचारून उपयोग नसे. मागच्या ओळीतला टाळकरी झोप आवरत कसा उभा होता, ते मात्र घरी येऊन करून दाखवत. लग्नात नवरा-नवरीकडे न बघता वरण वाढणाऱ्याची पाठ थोपटत. जेवायला बसले की म्हणत, "वहिनी, भाजी बरी हाय, पण खरं काम ठेच्यानं केलं." ठेचा माझ्या जावेच्या हातचा असे, म्हणून ती खूश. मग एकदा भाजी तिनं केली आणि ठेचा मी, तेव्हा तीही दोन दिवस फुगून बसली.

ताडकळसला आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला. आठवड्यातून एकदा एक हसण्याची मालिका लागायची. त्यातले साहेब आणि बाईसाहेब सारखे भांडायचे, आणि मध्येच एक इस्त्रीवाला दारात येऊन कपडे द्यायचा, साहेबांना काहीतरी टोला हाणायचा आणि जायचा. दिरांच्या लेखी ती मालिका त्या इस्त्रीवाल्याचीच होती. साहेबांचं भांडण रंगात आलं की हे तंबाखू थुंकायला उठायचे आणि अंगणातून विचारायचे, "आला का?" आला म्हटलं की माणसांच्या पायावर पाय देत आत घुसायचे.

एका साली त्या मालिकांची बक्षिसं वाटण्याचा सोहळा टीव्हीवर दाखवला. बड्या नटांची नावं होईपर्यंत दीर भिंतीला टेकून पेंगत होते. मग पुकारा झाला, विनोदी मालिकेतल्या उत्कृष्ट साहाय्यक कलाकाराचं बक्षीस, आणि आमचा इस्त्रीवाला कोट घालून पायऱ्या चढला. दीर ताडकन उभे राहिले. असलं बक्षीस जगात असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी गल्लीभर गूळ-शेंगदाणे वाटले. "वहिनी, सरकारला कळायलंय आता," म्हणाले. मी म्हटलं, सरकारला तेवढंच एक काम राहिलं होतं.

तोवर लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. सोयरिकीची दोन ठिकाणं मोडून हे चारठाण्याचं तिसरं जमलं होतं. तेही मोडलं असतं तर पोरीला पुन्हा कुणी विचारलं नसतं, हे आम्ही सगळे जाणून होतो. नवरदेवाचा बाप तो लहान असतानाच वारलेला. मामांनी त्याला वाढवला, शिकवला, आणि लग्नाची बोलणीही त्यांनीच केली.

आमच्याकडे मांडवात आधी मानाच्या माणसांना टॉवेल-टोपी होते आणि मग अक्षता पडतात. नावं पुकारायला भोंगा लावलेला असतो. पहिला मान मामांचा होता, आणि तो पहिला पुकारलाही. पण पुकारायला दीर स्वतः उभे राहिले. "नवरदेवाचे उत्कृष्ट साहाय्यक म्हणून मामांना हा मान," असं त्यांनी साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

मामा उठले ते टोपी घ्यायला नव्हे. म्हणाले, "साहाय्यक? म्या काय कुणाच्या घरचा गडी हाय का?" आणि वऱ्हाड उतरलं होतं त्या जानवशाकडे सरळ निघाले. नवरदेव त्यांच्या मागं. मामाच नसेल तर नवरदेवाला पाटावर उभा कोण करणार? भटजींनी पोथी मिटली. मुंडावळ्या बांधलेली पोर दाराची चौकट धरून बघत होती. आणि दीर टोपी हातात घेऊन तसेच उभे, काय चुकलं तेच त्यांना उमजत नव्हतं.

मी मामांच्या वाटेत जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मामा, आमचे भाऊजी येडे हायत. त्यांच्या लेखी याच्याहून मोठा मान न्हाई. नवरदेवाला काय देणार ते तरी इचारा त्यांना."

मामांनी विचारलं. दीर खरंच विचारात पडले.

"त्याला काय द्यायचं? त्यो नुसता उभा राहायलाय. वाढवलं तुमी, शिकवलं तुमी, उन्हातान्हात ठिकाणं हिंडलात तुमी. अन् पत्रिकेत तुमचं नाव सगळ्यात बारीक."

मामांनी भाच्याकडे वळून पाहिलं. तो नुसता उभाच होता. आधी मामांच्या मिशा हलल्या, मग पोट. फेटा काढून त्यांनी डोकं पुढं केलं. "घाला, इवाई. पर आता भोंग्याला हात लावू नका."

लग्न लागलं. दिवस कलताना पोर निघाली, सगळ्यांच्या पाया पडली, आणि बापाला शोधायला लागली. बाप सापडला आचाऱ्याच्या चुलाणामागं. "वहिनी, पुढं जाऊन उभं राहणं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई," म्हणाले. मी चार शब्द सुनावणार, तेवढ्यात मामा आले. त्यांनी दिरांना दंडाला धरून जीपपाशी नेलं, पोरीसमोर उभं केलं आणि स्वतः बाजूला झाले. पोर "आप्पा" म्हणून गळ्यात पडली. दीर तिच्या कपाळावरच्या मुंडावळ्या तेवढ्या सरळ करत राहिले. त्या सरळच होत्या.

जीप परभणीच्या रस्त्याला लागली. माणसं पांगली. मी म्हटलं, "चला भाऊजी, मांडवातली भांडी गोळा करायचीत."

"तुमी व्हा पुढं," म्हणाले.

भांडी धुऊन पालथी घातली, दिवेलागण झाली, तरी ते रस्त्याकडे तोंड करून तिथंच उभे होते.