कल्पना मॅडमची यादी आणि बाबांची गरवी नागली

शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघायला मी मुद्दाम जात नाही. पण आमचा ओटा त्यांच्या ओट्याला चिकटून, त्यामुळं कानावर पडतंच. आणि कल्पना मॅडमनी मोबाईलवर गट शोधायला घेतल्यापासून इतकं पडलंय, की आता कुणाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मूळ कारण त्यांचे सासरे, बाबा. बाबांची गरवी नागली, म्हणजे उशिरा तयार होणारी नाचणी, कणसं मुठीएवढी. यंदा कणगीत उंदीर शिरले आणि राखून ठेवलेलं बी संपलं. खोडाळ्याच्या बाजारात ते मिळेना. बाबा म्हणाले, "दुसरी नागली मी पेरायचा नाही. माळ पडीक राहिला तरी चालेल." आणि ताटावरून उठले. जेवण अर्ध्यावर टाकून. पावसाच्या आत बी मिळायलाच हवं होतं.

*

मॅडम शाळेत शिकवतात, त्यामुळं माझ्यासारख्या सातवीत शाळा सुटलेल्या बाईलाही समजेल असं सांगतात. बी शोधायला त्यांनी मोबाईलवर जे फेडिव्हर्स उघडलं, ते म्हणे एका मालकाचं नाही. आपल्या पाड्यांसारखं. प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक पाडा, नियम आपापले, पण इथला माणूस तिथल्या ओट्यावर जाऊन बोलू शकतो. फक्त कुठल्या पाड्यावर माणसं आहेत, त्याची यादी ज्याची त्यानं फिरून करायची.

मॅडमनी वही केली. पहिलाच शेतीचा गट सापडला, त्यात हजारो माणसं! मॅडम एवढ्या खूश, की चहात साखर दोनदा टाकली. गरवी नागली कुणाकडे आहे का, असं विचारलं. आठ दिवस उत्तर नाही. रोज सकाळी हवामानाची बातमी तेवढी पडायची, तीही एकच जण टाकायचा. मॅडम म्हणाल्या, तो माणूस नाही, मशीन आहे.

मी म्हटलं, "मॅडम, भांडण कुठं चालू आहे ते शोधा. माणसं राहतात तिथं भांडतात."

दुसऱ्याच दिवशी अकरा जणांचा गट सापडला. शेणखत ओलं टाकावं की वाळवून, यावर तिघं एकमेकांच्या उरावर बसले होते. तो गट यादीत सगळ्यात वर!

*

मग यादी भराभर वाढली. बियाण्यांचे तीन गट निघाले, नाव तेच, सर्व्हर वेगळे. मॅडम तिन्ही लिहायला निघाल्या. मला मात्र संशय आला. तिन्हीकडे एक टोपीवाला होता, बकरीसोबत फोटो काढलेला. इथं जे बोलायचा, तेच तिथं.

"मॅडम, हा एका दिवशी तीन लग्नांत जेवणारा आहे."

मॅडमनी नावं ताडून पाहिली. बकरीवाला आणि त्याचे चार दोस्त सोडले, तर दोन गटांत चिटपाखरू नव्हतं.

*

एका गटात दिवाळीपासून कुणी काही लिहिलं नव्हतं. जुन्या बियाण्यांचाच गट, फोटो बघत राहावेत असे. मॅडमनी काट मारायला पेन उचललं. माझी चुलतबहीण जानकी वांगणीहून आलेली. तिच्या घरचे सगळे भिवंडीकडं वीटभट्टीवर. ती म्हणाली, "दिवाळीपासून नायत? मग गट मेला नाय, बाय. भट्टीवर जगाया गेलेत ते. होळीला येतील."

मॅडम हसल्या, पण काट मारली नाही.

होळीनंतर चौथ्या दिवशी मला हाक, "वहिनी, पळत या!" गट जागा झाला होता. वरच एक फोटो, मुठीएवढं नागलीचं कणीस. बाबांनी चष्मा लावला, बोटांनी कणीस मोठं करून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "हीच."

*

आता फोटोवाल्याचं नाव इंग्रजी, सर्व्हर परदेशातला. मॅडमनी डिक्शनरी घेऊन पत्र लिहिलं, डियर सर, माझ्या सासऱ्यांसाठी थोडं बी पाठवाल का. तिकडूनही तसंच झोकदार इंग्रजी आलं. डियर मॅडम, भारताबाहेर बी पाठवणं अवघड आहे, आपण कुठल्या देशात असता?

मॅडमनी मान ताठ करून लिहिलं, पालघर जिल्हा, खोडाळा.

मग मराठीत आलं, "मॅडम, मी साखरशेतचा नवसू. चौथीत तुमच्याकडं होतो. बी आजीकडं आहे. आजी म्हणते, बाबांना जेवायला पाठवा."

मॅडमनी साखरशेतच्या शाळेत सात वर्षं काढली होती!

*

बाबा सकाळच्या एसटीनं गेले. संध्याकाळी येणार होते, आले तिसऱ्या दिवशी. बी धोतराच्या सोग्यात घट्ट बांधलेलं. मॅडम रागावल्या, बी आणायला तीन दिवस लागतात का?

बाबा म्हणाले, बी पहिल्याच दिवशी मिळालं. पण नवसूच्या त्या गटातल्या कुण्या परदेशातल्या बाईनं विचारलं, या नागलीचं करतात काय. म्हणून बाबांनी स्वतः चुलीपुढं बसून भाकरी थापली, नवसूनं त्याचा व्हिडिओ टाकला. मग दुसऱ्या दिवशी आणखी चौघांनी विचारलं.

बाबांनी घरात पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरलेला मी कधी पाहिला नाही. मॅडमनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"बाबा, तुम्हाला भाकरी येते?"

"येते की."

"मग इतकी वर्षं घरात कधी केली नाहीत ती?"

बाबा सोग्याची गाठ सोडत म्हणाले, "घरात कुणी विचारलं?"