एक बोल्ट जादा

आमचे सर विद्यार्थ्यांनी दुरुस्त केलेल्या गाडीवर बसायचे नाहीत. काही झालं तरी नाही. आयटीआयमध्ये जन्मभर मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला, अर्ध्या बेळगावच्या गाड्या त्यांच्याच पोरांच्या हातांखालून जातात, पण एखादा जुना विद्यार्थी बाजारात गाडी थांबवून "सर, सोडतो की" म्हणाला, की सर आधी विचारायचे, "गाडी कुणी बांधलीया?" तो छाती पुढं काढून "मीच!" म्हणायचा. मग सर त्याच्या पाठीवर प्रेमानं थाप मारायचे आणि चालत पुढं निघायचे.

आम्ही त्यांना 'जादा सर' म्हणत असू, अर्थात पाठीमागं. आमच्या वर्कशॉपच्या मधोमध लोखंडी स्टँडवर एक जुनं डिझेल इंजिन होतं. त्या बिचाऱ्यानं कित्येक वर्षांत रस्ता बघितला नव्हता. दर बॅचनं ते खोलायचं, धुवायचं, पुन्हा बांधायचं. बांधून झालं, आम्ही हात पुसायला लागलो, की सर यायचे आणि ट्रेमध्ये डोकावायचे. ट्रेमध्ये हमखास एक बोल्ट पडलेला असायचा.

"एक जादा हाय न्हवं? कुणाचं म्हणायचं हे लेकरू?" असं म्हणून ते कन्नड पोरांकडं वळून "बिच्चरी!" आणि आमच्याकडं वळून "खोला रं!" असा हुकूम सोडायचे. दिवसभराची मेहनत पाण्यात जायची. सगळं इंजिन उघडून बघावं तर जिथल्या तिथं सगळे बोल्ट बसलेले. हा एक तेवढा अनाथ. माझा मित्र भरमा खानापूरकडच्या शेतकरी घरातला. तो म्हणायचा, "ह्या इंजिनाला बोल्ट फुटत्यात बघ, मक्याला कणीस फुटावं तसं."

ही चोरी पकडली सुजातानं. वडगावच्या विणकराची ही मुलगी आमच्या वर्गातली एकुलती एक मुलगी होती आणि मागावरचा तुटका धागा शोधून शोधून तिची नजर भलतीच तयार झालेली. सरांचा हात खिशातून निघून ट्रेवरून फिरला आणि ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, तुमीच टाकलासा की हो!"

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. सरांनी चष्मा पुसला. "व्हय, म्याच टाकला. मग? बोल्ट खोटा आसू दे, भीती खरी पायजे."

पण आमची भीती त्या दिवसापासून गेली ती गेलीच. ट्रेमध्ये बोल्ट दिसला की आम्ही एकमेकांना डोळे मारायचो आणि "सरांचा हाय" म्हणून बाजूला सारायचो. असाच एक सारला आणि भरमानं ऐटीत इंजिन सुरू केलं. इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या कडेतून तेलाची जी पिचकारी उडाली, ती थेट सरांच्या पांढऱ्या शर्टावर. सरांनी शांतपणे चेहरा पुसला आणि म्हणाले, "ह्यो मातर माझा नव्हता."

तेव्हापासून आमची पुरती पंचाईत झाली. कुठला बोल्ट सरांचा आणि कुठला आमच्या गाढवपणाचा, हे इंजिन उघडल्याशिवाय कळायचा मार्गच राहिला नाही.

आमचं शेवटचं वर्ष संपत आलं, तेव्हाच सरही निवृत्त व्हायचे होते. भरमा, सुजाता आणि मी, तिघांच्याही मनानं एकच घेतलं होतं. सर जाण्याआधी एकदा तरी आमच्या हातच्या गाडीवर बसले पाहिजेत. नाहीतर सर्टिफिकेट मिळेल, पण आपण मेकॅनिक झालो हे आपल्यालाच पटायचं नाही. सर संकेश्वरहून रोज स्वतःच्या जुन्या स्कूटरवरून यायचे आणि त्या स्कूटरला दुसऱ्या कुणाचा पाना लागू द्यायचे नाहीत. आम्ही तीच मागितली. "निरोपाची भेट म्हणून सर्व्हिसिंग करून देतो, सर."

सरांनी स्कूटरची किल्ली पुढं केली. "करा. बसायचं का न्हाय, ते म्या ठरिवतो."

आम्ही ती स्कूटर खोलली, घासली, बांधली. निरोप समारंभात प्रिन्सिपॉल अर्धं कन्नड आणि अर्धं मराठी असं लांबलचक बोलले. आमचं लक्ष सगळं दाराबाहेर. अखेर हारासकट सर बाहेर आले. स्कूटर लखलखत होती. आणि तिच्या पायाशी, फुटबोर्डवर, एक बोल्ट पडला होता.

मी भरमाकडं बघितलं. हा आगाऊपणा त्याचाच, असं मला वाटलं. तो माझ्याकडं बघत होता. सुजाता आम्हा दोघांकडं. सरांनी बोल्ट उचलला. आता हे बाह्या सरसावून खाली बसणार आणि आमची शोभा होणार, या भीतीनं मी मागं सरलो. पण सरांनी बोल्ट खिशात टाकला, किक मारली आणि मला म्हणाले, "पुढचं चाक कुणी बसिवलंय? तू न्हवं? बस मागं."

सर बसले होते! मागं पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला मात्र त्यातली एकही गोड लागली नाही. शहर मागं पडलं, हायवे लागला, शेजारून उसाचे ट्रक जायला लागले आणि पुढच्या चाकाचे नट मी आवळले होते की नुसतेच फिरवून ठेवले होते, हे मला काही केल्या आठवेना. सर निवांत होते, कसलंसं भजन गुणगुणत होते. काकती गाव आलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"सर, थांबा! गाडी थांबवा!"

सर थांबले. उतरून हार हँडलला अडकवला आणि कडेच्या कठड्यावर बसून समारंभातला पेढा खाऊ लागले. मी खिशातला पाना काढून चाक, ब्रेक, इंजिन, जे जे हाताला लागलं ते ते तपासलं. सगळं घट्ट होतं.

"सर, समदं बरोबर हाय. मग त्यो बोल्ट कुठला?"

"माझाच की रं, आत जाताना टाकला हुता." सरांनी बोटं चाटली. "आजपातूर म्या म्हणायचो, खोला. आज तुझा तू गाडी थांबिवलास."

"पर तुमी तर काय बी न बघता बसलासा!"

"मग? तुमी बांधलीया म्हटल्यावर काय बघायचं?"

एवढं बोलून त्यांनी मला बेळगावच्या बसमध्ये बसवलं आणि एकटेच संकेश्वरकडं निघाले. मी वर्कशॉपवर परतलो. आम्ही तिघं त्या इंजिनाजवळ फोन मध्ये ठेवून बसलो. चहा आला, तो कुणी घेतला नाही. अंधार पडता पडता फोन वाजला.

"पोचलो," सर म्हणाले.

भरमा एवढा दांडगा गडी, पण तोंड फिरवून रडायला लागला. सुजाता त्याला हसत होती आणि स्वतःचे डोळे पुसत होती. फोनवर सरांचं चालूच होतं, "हॉर्न तेवढा बिघडिवलासा बघा."

आता मी बेळगावातच, उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या वस्तीत गाड्या दुरुस्त करतो. गाडी घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला संध्याकाळी माझा फोन जातो, "पोचलासा न्हवं?" लोकांना वाटतं, मिस्त्री फार मायाळू आहे. "पोचलो" ऐकल्याशिवाय मला जेवण जात नाही, हे त्यांना कुठं माहीत.