बारशाआधी मोजू नये

किस्से हे टाकीच्या काचेवरच्या शेवाळासारखे असतात. सकाळी घासून काच लख्ख करा, संध्याकाळी बघावं तर पुन्हा हिरवी झाक आलेलीच! आमच्याकडे दोन्हींचं पीक बारमाही आहे. म्हणून कुणी आलं की मी म्हणते, आधी चहा घ्या, मासे नंतर बघा. मासे बघून झाले की लोक उठतात, आणि किस्से राहून जातात.

आमच्याकडे म्हणजे रेवदंड्याला, काकूच्या नारळी-पोफळीच्या वाडीतल्या जुन्या गोठ्यात. गाई कधीच गेल्या, गव्हाणी तेवढ्या राहिल्या. त्या गव्हाणींवर आमच्या टाक्या आहेत आणि त्यांत आम्ही तिघं समुद्री मासे वाढवतो. मी मंजू, आधी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. हनीफ मूळचा म्हसळ्याचा, स्लायडिंगच्या खिडक्या बसवायचा. त्याच्या हातून काच कधी वाकडी कापली जात नाही, म्हणून टाक्या तो बनवतो. तिसरी भारती, कोळीवाड्यातली, झूऑलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली. बोलण्यात मला आणि हनीफला भर बाजारात विकून परत येईल अशी! पोटासाठी आम्ही अलिबागकडच्या बंगल्यांतल्या प्रवाळाच्या टाक्या सांभाळतो. पण जीव अडकलेला गोठ्यात.

आणि गोठा काकूचा. तिच्या मुलाला, आमच्या मुलुंडच्या दादाला, तिथे पर्यटकांसाठी दोन एसी खोल्या काढायच्या होत्या. आमच्याकडे हल्ली कोंबड्यांचं खुराडं रिकामं झालं तरी त्याचं होमस्टे होतं! दोघांचं ऐकून काकूने निकाल दिला. "मंजे, तुझ्या माशांना पोरं झाली आणि ती जगली, तर गोठा तुझा. नाहीतर दिवाळीनंतर दादाच्या खोल्या."

अंडी होत होती. पिल्लंही निघत होती. जगत मात्र एकही नव्हतं. आणि गोठा गेला तर इतक्या टाक्या ठेवायला दुसरी जागा नव्हती.

*

काकूने जन्मात मासा खाल्लेला नाही. पहिली टाकी आली त्या दिवशी तिने दारातूनच उलटतपासणी घेतली.

"हे खायचे नाहीत?"

"नाही काकू, शोभेचे आहेत."

"आणि विकत घेणारा? तो खाणार?"

"तोही नाही."

काकू उंबरा ओलांडून आत आली. मग म्हणाली, "म्हणजे मासे विकूनही शाकाहारी धंदा! मग हरकत नाही."

तेवढ्यात भारतीने पिशवीतून माशांसाठी आणलेली कोलंबी काढली. काकूने नाकाला पदर लावला, पण शब्द फिरवला नाही. "त्यांना चालत असेल तर चालू दे. फ्रीज मात्र तुमचा तुम्ही वेगळा आणा."

*

किनाऱ्याजवळचं पाणी खाडीचं, गढूळ. माशांना ते चालत नाही. म्हणून भारतीचा भाऊ होडी घेऊन लांब आत जातो आणि पिंपं भरून स्वच्छ पाणी आणतो. पहिल्यांदा आला तेव्हा धक्क्यावर ही गर्दी! एवढी पिंपं म्हणजे मोठीच मासळी लागली असणार.

"काय गावला रं?"

"पानी."

धक्का हसून हसून आडवा झाला. एक म्हातारी मावशी टोपलीवर बसकण मारून म्हणाली, "आमचे बापे दर्यातून म्हावरा आनत. ह्यो दर्याच घेऊन आला! म्हावरा काय मागना चालत येल?"

भारती पिंप ढकलत होती. तिने मानही वर केली नाही. "चालत कशाला येल, मावशे? गोठ्यात जल्माला येल!"

म्हातारीने हसणं थांबवलं आणि पिंपाला हात लावून नमस्कार केला. आता दर खेपेला पहिला प्रश्न तिचाच असतो, "जल्मला का गो?" आणि कितीतरी महिने आम्हाला "न्हाय अजून" म्हणावं लागत होतं.

*

पेणच्या बाजूचे आमचे एक गिऱ्हाईक आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात गेल्या, आता ट्रकांचा धंदा. नव्या बंगल्यात त्यांनी हौसेने प्रवाळाची टाकी बसवून घेतली. टाकीचं मीठ वेगळं असतं. प्रवाळाला लागणारी सगळी खनिजं त्यात प्रमाणात घातलेली असतात. मी त्यांना त्याची पिशवी दाखवली तर नाना असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या वडिलांना नावं ठेवली.

"ताय, मिठावर आमची खानदान उभी हाय. आनि मी पिशवीतला मीठ इकत घेऊ?"

मी परोपरीने सांगितलं. नानांनी मान डोलावली. आणि आमची पाठ वळल्यावर आपल्याच मिठागरातलं पांढरंशुभ्र मीठ टाकीत ओतलं! चार दिवसांनी फोन. "ताय, फुलं रुसली." जाऊन बघतो तर फुलांसारखे उमललेले सगळे प्रवाळ मुठी आवळून बसलेले. आम्ही धावपळ करून पाणी बदललं, हळूहळू ते पुन्हा उघडले. नाना टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. मला म्हणाले, "बघ ना. माज्या घरचा मीठ खाल्ला, आनि मिठाला न्हाय जागले!"

*

आमच्या क्लाउनफिशच्या मुख्य जोडीला, त्या केशरी अंगावर पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांना, भारतीने नावं ठेवली आहेत. मादी सरपंचबाई, नर उपसरपंच. बाई आकाराने दुप्पट आणि कारभारही सगळा तिचाच. अंडी घातली की ती फिरायला मोकळी, आणि उपसरपंच दिवसभर परांनी अंड्यांना वारा घालत बसतात.

गावातल्या बचत गटाच्या बायका बघायला आल्या होत्या. मी उत्साहाने सांगितलं, की हे मासे जन्मतात तेव्हा ना नर असतात ना मादी. पुढे जागा बघून ठरतं. मोठी मादी गेली, तर नराचीच मादी होते, आणि खालच्या पिल्लांपैकी एक नर होतं.

बायका थक्क! एकीने उपसरपंचांकडे बोट दाखवलं. "मंजूताय, ह्याला दोन दिस घरी नेऊ का? नवऱ्याला दाखवायला?"

काकू कोपऱ्यात सुपारी कातरत होती. म्हणाली, "म्हणजे यांच्याकडे पाळणा हलला की मुलगा की मुलगी विचारायची सोय नाही. बरं आहे! मला तीन मुली झाल्यावर दादा झाला. तोवर विचारणाऱ्यांनी माझं डोकं खाल्लं होतं."

*

आता जो प्रसंग सांगते त्यात त्या वेळी कुणी हसलं नव्हतं.

पिल्लं पापणीच्या केसाहून बारीक असतात. त्यांना खायला त्यांच्याहून बारीक जिवंत जीव लागतात, आणि त्या जिवांना खायला हिरवं पाणी. म्हणजे सूक्ष्म शेवाळाचं, दाट, गवती रंगाचं पाणी. ते आम्ही बादल्यांत वाढवतो. नुकती पिल्लं निघालेली, आणि आम्ही तिघं बंगल्यांच्या कामाला गेलेलो. परत येतो तर सगळ्या बादल्या उन्हात पालथ्या. घासून, राखेने लख्ख!

"किती घाण साठवून ठेवली होतीत," काकू म्हणाली. "डास झाले असते. डेंग्यूचे दिवस आहेत."

मी एक बादली सुलटी करून आत पाहिलं. भारती तोंड फिरवून उभी राहिली. हनीफ तेवढा हळूच म्हणाला, "काकू, ते त्यांचं दूध होतं."

पिल्लांची ती खेप गेली. काकू त्या दिवशी जेवली नाही, आणि मलाही तिला जेव म्हणवलं नाही. राग नव्हता आला असं नाही. पण तिचा चेहरा बघितला आणि राग धरून ठेवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेऊन गोठ्यात हजर! "यात लाव ते हिरवं. माझ्या बरणीला आजवर बुरशी आलेली नाही. आणि सगळं एका जागी कशाला ठेवता? विरजण संपलं तर शेजारून आणता यायला हवं." तेव्हापासून एक बरणी भारतीकडे, एक हनीफकडे आणि एक काकूच्या माजघरात खिडकीशी असते. झाकणावर फडकं, आणि घरात येणाऱ्याला ताकीद, "हात लावू नका, बाळाचं आहे!"

त्याच दिवशी तिने आम्हाला नियम घालून दिला, "बारशाआधी पिल्लं मोजायची नाहीत. दृष्ट लागते." तिचं म्हणणं शास्त्राला धरून निघालं हा योगायोगच. साधारण बाराव्या दिवसाच्या आसपास पारदर्शक पिल्लांना रंग चढतो, पहिला पांढरा पट्टा उमटतो, आणि तिथवर आलेलं पिल्लू सहसा जगतं. हनीफ एकदा नकळत "एक, दोन" करायला लागला, तर काकूने त्याच्या हातावर चापट मारली.

*

गणपती झाले आणि एके सकाळी वीज गेली. गावचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. दुपारी इन्व्हर्टरनेही मान टाकली, पंप बंद, टाक्यांतली हवा संपायला लागली. सरपंचबाई पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागल्या. अशा वेळी एकच उपाय. पाणी भरून घ्यायचं आणि वरून धार धरून परत ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. आम्ही तिघं आणि टाक्या इतक्या!

काकू तरातरा बाहेर गेली आणि बचत गटाच्या बायकांना घेऊन आली. प्रत्येकीच्या हातात तांब्या. आळीपाळीने धार चालू. कुणीतरी गाणं धरलं, मग बाकीच्यांनी उचललं. दुपारची संध्याकाळ झाली तरी एकही हात थांबला नाही. मला त्या बायकांच्या पाया पडावंसं वाटत होतं, पण माझ्याही हातात तांब्या होता.

शेवटी वीज आल्याचं सांगायला वायरमन आला. दारातच चपला काढून त्याने हात जोडले. "पूजा चाललीय का?"

"अभिषेक," काकू म्हणाली.

"कोणाला?"

"सरपंचबाईंना!"

तो आत डोकावून न बघताच पुन्हा नमस्कार करून गेला.

*

त्यानंतर काही दिवसांनी सरपंचबाईंनी पुन्हा अंडी घातली आणि दिवाळीच्या तोंडावर पिल्लं निघाली. त्याच्या दुसऱ्याच दिवशी दादाने मुंबईहून धाडलेला कॉन्ट्रॅक्टर टेप घेऊन दारात उभा! गोठ्याचं माप घ्यायचं होतं. मी बोलायच्या आत काकू उंबऱ्यात आडवी आली.

"आत जायचं नाही. बाळंतीण आहे."

कॉन्ट्रॅक्टर भला माणूस. दोन पावलं मागे सरला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "माफ करा हां, माहीत नव्हतं. केव्हा येऊ?"

"बारशाला या," काकू म्हणाली.

ते दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. कुणी मोजलं नाही. बाराव्या दिवशी सकाळी टाकीवर वाकलेली भारती एकदम किंचाळली, "मंजूताय, पट्टा!" एक पट्टा, मग त्याच्या शेजारी दुसरा, मग पाण्यात जिकडे बघावं तिकडे इवल्या केशरी अंगांवर पांढऱ्या रेघा. मी ढसाढसा रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही. काकूने चष्मा लावून पाहिलं, पदराने काच पुसली आणि म्हणाली, "हनीफ, आता मोज." हनीफ मोजायला लागला. पिल्लं एका जागी थांबेनात, तो चुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. कुणालाच घाई नव्हती. भारतीने धक्क्यावरच्या मावशीला फोन लावला आणि नुसतं "जल्मला!" म्हणाली.

दुपारी अंगणात टेम्पो लागला. कॉन्ट्रॅक्टर दादाच्या अंदाजाने फरश्या भरूनच आला होता. पण टेप आज त्याच्या हातात नव्हता. हातात झबलं-टोपडं होतं, पिवळं, लेस लावलेलं.

काकूने त्याला ओट्यावर बसवलं आणि समोर घुगऱ्यांची वाटी ठेवली. "फरश्या परत न्या. दादाशी मी बोलते. झबलं ठेवून जा."

त्याने मान डोलावली, घुगऱ्यांचा घास घेतला आणि कौतुकाने विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"ते अजून त्यांचं ठरायचंय," काकू म्हणाली. "अजून घ्या घुगऱ्या."