पाकीटकाकांचे न उघडलेले योद्धे

कल्पना करा, तुमच्या हातात पुठ्ठ्याचं एक कार्ड आहे. वहीच्या पानाएवढं. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा फुगवटा चिकटवलेला आणि त्या फुगवट्यात बोटभर उंचीचा एक योद्धा, तलवार उगारून उभा. हे कार्ड तुम्हाला या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचं आहे. एवढंच काम. फक्त फुगवट्याला बोट लावायचं नाही, दाबला तर पोचा येतो आणि आलेला पोचा जात नाही. वरच्या टांगायच्या भोकात बोट घालायचं नाही, पुठ्ठा पहिल्यांदा तिथेच दुमडतो. कोपरे कशालाही टेकू द्यायचे नाहीत. दोन्ही कडा तळहातांमध्ये धरायच्या आणि कार्डाला वारा लागणार नाही अशा बेतानं चालायचं. नेलंत? आता हेच भिंतभर कार्डांसाठी करा, अर्धं आयुष्य करा.

वाचताना तुमचा श्वास जरा अडकला असेल, तर पाकीटकाकांची ओळख निम्मी झाली.

पाकीटकाका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त वीजबिलवाला वापरतो. पॅकिंगच्या कारखान्यात ते सीलिंग मशीनवर होते. कार्डावर एक पातळ थर दिलेला असतो. त्यावर फुगवटा ठेवायचा, वरून तापलेला साचा दाबायचा, थर वितळतो आणि फुगवट्याची कड कार्डाला धरते. साचा जास्त तापला तर प्लॅस्टिक सुरकुततं, कमी तापला तर वरवर चिकटतं. हयातभर त्यांनी अशी टूथब्रशची पाकिटं बंद केली. मधली काही वर्षं मात्र कारखान्याला एका खेळण्यांच्या कंपनीचं काम मिळालं आणि काकांच्या साच्याखाली टूथब्रशऐवजी योद्धे येऊ लागले. पुढे ती कंपनी बुडाली. उरलेला माल कामगारांना वाटून टाकला. बाकीच्यांच्या घरी पोरांनी संध्याकाळपर्यंत पाकिटं फाडून योद्ध्यांचे हातपाय वेगळे केले. काकांनी मात्र आपला वाटा कपाटावर ठेवला. मग त्याच कारखान्यातून निघालेले आणखी बाहेरून मिळवले. जुनी दुकानं, कुणाची माळ्यावरची खोकी, कुणाशी अदलाबदल. मात्र एका अटीवर, पाकीट न उघडलेलं हवं.

त्यांच्या मुलीला लहानपणी त्यातलं एकही मिळालं नाही. ती टूथब्रशच्या रिकाम्या फुगवट्यांचे टब करून त्यात कागदी बाहुल्यांना अंघोळ घालायची. "आमच्याकडे मी सोडून सगळे सीलबंद," असं ती मोठेपणी हसत सांगायची, आणि काकूंकडे बघितलं की कळायचं, घरात या विनोदावर सगळ्यांनाच हसू येत नाही.

योद्ध्यांना आतली खोली दिलेली होती. खिडकीला दुहेरी काळा पडदा, कारण उन्हानं कार्डावरचा लाल रंग आधी उडतो. ओल आली की पुठ्ठा पोटातून फुगतो, म्हणून हवेतलं पाणी ओढणारं एक यंत्र सतत घरघरत असे. त्याच्या पोटात बादली. ती भरली की यंत्र आपोआप बंद पडतं. सकाळी उपसायची, संध्याकाळी उपसायची. या बादलीनं काकांना जे बांधून ठेवलं, ते कारखान्यालाही जमलं नव्हतं. मुक्काम कुठेच नाही.

"लेकीच्या लग्नात पाहुणे जेवायचे होते आणि बाप घरी," काकू मला सांगत होत्या. "जो तो विचारतोय, वधूपिता कुठे? आता काय सांगू, बादली उपसायला गेलेत?"

"काका, बादलीला नळी लावा ना," मी म्हणालो. मी यंत्रांचंच शिकलोय, त्यामुळे असल्या सूचना माझ्या तोंडून आपोआप निघतात. "पाणी परस्पर बाहेर जाईल."

"नळी बाहेर कुठून काढू?"

"भिंतीला एक भोक पाडायचं."

काका माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी त्यांच्याच डोक्याला भोक पाडायला सांगितलं होतं. "आणि त्या भोकातून हवा येईल ती कोण उपसणार? तू?"

गेल्या वर्षी मुलीकडून बातमी आली. दिवस गेले होते. ती दूरच्या शहरात, सासू नाही, नवरा पाळीवर कामाला. काकूंनी त्या दिवशी आवाज अजिबात चढवला नाही, आणि त्यानंच काका घाबरले. "मी तर जाणारच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही येणार की नाही, तेवढं सांगा. लग्नासारखं करणार असाल तर आत्ताच सांगा. मी तिला तसं कळवते."

काकांना जायचं होतं. इथे कुणी गैरसमज करून घेऊ नये. त्यांनी मोकळं होण्याचा मार्ग शोधला, तो त्यांच्या हाताला जो येत होता तोच. सगळं सील करून टाकायचं. प्रत्येक कार्डाला अक्रिलिकची स्वतंत्र पेटी, आत ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी, आणि पेटी हवाबंद. मग यंत्र नको, बादली नको, पडदासुद्धा एकच पुरे.

अक्रिलिकवाल्याकडे मी सोबत गेलो होतो. तो म्हणाला, "काका, झाकण सरकतं देतो. सगळे तसंच नेतात."

"सरकतं म्हणजे फट. मला फट नकोय. पत्रे कापून दे, जोडायचे मी बघतो."

"पक्के जोडलेत तर उघडणार कसे?"

"उघडायचे कशाला?" काका म्हणाले. आम्ही तिघंही हसलो.

अक्रिलिक जोडायचा द्रव पाण्यासारखा पातळ असतो. तो कडा चिकटवत नाही, वितळवून एकजीव करतो. काकांनी एकेक पेटी अशी जोडली, की सांधा कुठे आहे ते दिसू नये. शेवटची पेटी झाली तेव्हा यंत्र बंद केलं. त्या घरात इतकी शांतता कुणी ऐकली नव्हती. काकूंनी दोनांपैकी एक पडदा काढून खिडकी उघडली आणि खोलीत स्वतःसाठी खाट टाकली. महिनोन्‌महिने त्या तिथे झोपल्या. योद्ध्यांना त्यांनी नावंही ठेवली. उंच टोपवाला तो पाहुणा, लोंबत्या रबरी झग्याचा तो नाकाड्या.

जायच्या आदल्या दिवशी काकू बॅगा भरत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "अहो, या नाकाड्याला कावीळ झाली का?"

काका हसत आले. पेटी उचलून खिडकीशी नेली. मग हसले नाहीत. फुगवटा पिवळसर पडला होता, म्हाताऱ्या माणसाच्या नखासारखा. आतला झगा ओला दिसत होता. घाम फुटल्यासारखा, चिकट.

त्यांना लगेच कळलं. मऊ प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं. वर्षं गेली की ते हळूहळू बाहेर यायला लागतं, त्याची वाफ होते. मोकळ्या खोलीत ती वाफ निघून जात होती. पेटीत तिला जायला वाटच नव्हती. काकांनी बाहेरच्या हवेपासून योद्ध्याला वाचवलं आणि त्याला त्याच्याच वाफेत कोंडलं. भिंतीवर नजर फिरवली, तर आणखी दोघातिघांचे फुगवटे तसेच कळकट वाटायला लागले. उन्हामुळे वाटत होते, की खरंच होते?

"तू पुढे हो," ते म्हणाले. "मी एक पेटी उघडून बघतो आणि मागोमाग येतो."

काकूंनी बॅगेची चेन ओढली. "एक म्हणजे एकच ना?"

"एकच गं."

"तुमचं एकच मला पाठ आहे. संसारही 'एकच खोली देतो यांना' असाच सुरू झाला होता."

गाडीपर्यंत मीच त्यांना सोडलं. काकांची बॅगही भरून तयार होती, ती त्यांनी दाराशी ठेवली होती.

पेटी उघडणं म्हणजे कापणं. कापलं की थरथर होणार, आणि जुन्या सीलला थरथर नको असते. काकांनी पेटीला खालून स्पंज लावला, बारीक दात्यांची करवत घेतली, आणि एका कडेवर रेघ ओढावी तशी हलक्या हातानं चालवत राहिले. मी टेबल धरून उभा होतो. टेबल हलत नव्हतं, तरी काका म्हणाले, "धर." झाकण सुटलं तेव्हा गोडसर, कोंदट वास आला. काकांनी दोन्ही तळहात आत घातले, कार्डाच्या कडा धरल्या आणि उचललं.

कार्ड वर आलं. फुगवटा खालीच राहिला, योद्ध्यासकट.

टचकन आवाज नाही, काही नाही. बशीवरून कागद उचलावा तसं कार्ड निघालं. काका ते उजेडाकडे तिरकं करून बघत राहिले. फुगवट्याची कड जिथे बसलेली होती, तिथे एक स्वच्छ, चकचकीत चौकट दिसत होती.

"नापास," ते म्हणाले.

मग त्यांनी मला कारखान्यातली परीक्षा सांगितली. दर खेपेतलं एक पाकीट उचलायचं आणि फुगवटा ओढून काढायचा. त्याच्याबरोबर पुठ्ठ्याचे धागे फाटून आले तर सील पास. कार्ड स्वच्छ राहिलं तर नापास, अख्खी खेप परत साच्याखाली. ज्याला जोडलं त्याला फाडल्याशिवाय वेगळं होता येऊ नये, हाच त्यांच्या खात्याचा नियम होता.

"पण म्हणजे," मी म्हणालो, "जे पास झाले ते सगळे फाडलेले. तुमच्याकडे आहेत ते..."

"कधी ओढलेच नाहीत," काका म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. काकांना फोन कानाला लावायची सवय नाही, ते स्पीकर लावून हातात आडवा धरतात, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"मुलगी झाली हो! दोघी छान आहेत. नाक मात्र तुमचं आहे, बिचारीचं."

काकांचा चेहरा एकदम उमलला. "रडते का?"

"रडते? भिंतीला तडे जातील. तुमची पेटी उघडली का?"

"उघडली. सुटलं गं. कार्ड आपोआप सुटलं."

"मग सुटलात ना! बाकीच्याही उघडा आणि या."

"उघडल्या तर सगळेच सुटे होतील. न उघडल्या तर आतल्या आत सडतील."

पलीकडे बाळ रडायला लागलं. मग काकू म्हणाल्या, "म्हणजे दोन्हीकडून अडकलात. मग इथे येऊन अडका की. इथे निदान माणसं आहेत."

"येतो."

"कधी?"

"बघतो ना."

"बघा," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. पुन्हा आला नाही.

आठवडा झाला या गोष्टीला. दाराशी ठेवलेल्या बॅगेतून काका रोज सकाळी एक सदरा काढतात. आता ती खाली बसलीये. काल गेलो तर ते आतल्या खोलीत काकूंच्या खाटेवर बसले होते, मांडीवर एक पेटी. ती किंचित तिरकी करायचे, फुगवटा सरकतोय का बघायचे, आणि सरकायच्या आधीच घाबरून सरळ करायचे. सरकला तर कळेल, पण सरकला तर संपलं.

"वाफेनं फुगवटा सुटला असेल तर वाफेचा दोष," ते म्हणाले. "कोरड्या हवेनं डिंक मेला असेल तर यंत्राचा. तो मी सोसेन. पण त्या दिवशी माझाच साचा कमी तापलेला असेल, तर तो कधी धरलाच नव्हता. नुसता टेकून होता, इतकी वर्षं, आणि मी त्याची राखण करत होतो."

मी काकूंचं नाव काढलं. काकांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि बाजूला ठेवलं. भिंतीकडे हात केला. सगळे योद्धे तलवारी उगारून, आपापल्या पेटीत, एका ओळीत.

"तू शिकलायस ना यंत्रांचं? मग सांग मला. यातलं कोणतं खरंच धरून आहे आणि कोणतं नुसतं टेकलंय, हे न ओढता कळायची काही सोय निघाली आहे का रे?"