पिकअपचा जुना आवाज

भाऊ गेल्यानंतरही त्याची पिकअप संध्याकाळी घरी यायची. चालवायचे बाबा, पण आवाज त्याच्या वेळचाच होता. नेऱ्याहून आमच्या वाडीकडे येणारा रस्ता लहान पुलापाशी वळतो. तिथे वेग कमी झाला की इंजिनाच्या पुढच्या अंगाने एक जाड, अडखळता ठोका ऐकू यायचा, ओल्या लाकडावर मुसळ पडावं तसा. भावाच्या शेवटच्या वर्षात तो सुरू झाला होता. “गाडीला खोकला झालाय,” असं म्हणून तो दुरुस्ती पुढे ढकलायचा.

आई चुलीपाशी असो की मागच्या दारी भाजी निवडत असो, ठोका ऐकला की म्हणायची, “आला.” मग हात तसाच ठेवून थांबायची. त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे मी बघत नसे. मी पनवेलच्या एका ग्रंथालयात काम करते; संध्याकाळच्या एसटीने परतून, हातात पुस्तक घेऊन बसलेली असायचे. तिने “आला” म्हटलं की माझी ओळ हरवायची. भुतांच्या गोष्टींची भीती मला कधी वाटली नाही, या एका शब्दाची मात्र वाटायची, कारण तेवढ्यापुरतं आम्हा दोघींनाही ते खरं वाटायचं. मग गाडीचं दार आपटायचं, बाबा खोकत उतरायचे, आणि भाऊ पुन्हा जायचा. हे रोजचं होतं.

दुसरा एक शब्द आमच्या घरातून गेलाच होता. भाऊ मोटारसायकलवरून उलव्याहून परतत असताना भरावाची माती वाहणाऱ्या एका डंपरने त्याला उडवलं. त्यानंतर घरात डंपर हा शब्द कुणी उच्चारला नाही. आमच्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. नाव घेतलं की ते येतं. तशी आई डंपरला ‘ती मोठी गाडी’ म्हणू लागली, आणि हळूहळू शेजारीही. जवळच्या खदानीतून दिवसभर त्या गाड्या जायच्या, फडताळातली भांडी थरथरायची, पण नाव कुणी घेत नसे.

एकदा काकड्या भरून मार्केटला जाताना उतारावर पिकअपच्या इंजिनाचा पट्टा सुटला. स्टिअरिंग एकदम जड झालं आणि गाडी शेताच्या बांधाला जाऊन टेकली. बाबांनी जेवताना हे सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं इतक्या सहज.  सकाळी आई म्हणाली, “दुरुस्त करून आणा. पण आवाज तेवढा ठेवा.”

“आवाज काय वेगळा ठेवतात?”

“मेस्त्रीला सांगा. जमंल त्याला.”

बाबा हे सांगणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने मला बरोबर धाडलं.

पनवेलचा मेस्त्री भावाच्या ओळखीचा, कोकणी मुसलमान, काही वर्षं आखातात राहून आलेला. भाऊ गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. कसा गेला ते माहीत नव्हतं. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून हातातल्या बॅटरीच्या उजेडात वाकून पाहिलं आणि मोकळ्या आवाजात म्हणाला, “काका, तुमचा डंपर गेला.”

बाबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

“डंपर हो! सगळा घोटाळा त्यानंच केलाय. पट्टा बिचारा काय करणार?”

बाबांचा बॉनेटवरचा हात खाली आला. ते बाहेर गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

“काय झालं, ताई? एवढा महाग नसतो तो.”

मी त्याला एका वाक्यात सांगितलं. त्याने इंजिन बंद केलं. बराच वेळ तो फडक्याने हात पुसत राहिला. “तोबा,” तो म्हणाला. “आमच्या धंद्यात या पुलीलाच डंपर म्हणतात हो. झटके खाते म्हणून इंग्रजीत डॅम्पर, त्याचं आम्ही डंपर केलं. मला काय माहीत.” मग दारात जाऊन हाक मारली, “काका, आत या. पुली गेलीय. पुली!”

त्यानंतर तो शब्द त्याने तोंडातून काढला नाही. दुकानदाराला फोनवर सांगताना त्याची फार तारांबळ उडाली. “अरे ती पुढची पुली. क्रँकची. रबरवाली. हो, तीच. तीच म्हणतोय ना! नाव कशाला पाहिजे तुला? लग्न लावायचंय का तिचं?” स्टुलावर बसलेले बाबा किंचित हसले. कितीतरी महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग मी आईचा निरोप सांगितला. मेस्त्रीला आधी गंमत वाटली. “लोक आवाज घालवायला येतात, ताई!” माझ्याकडे पाहून त्याचं हसू गेलं. मग म्हणाला, “नाही राहणार. तो आवाज म्हणजेच बिघाड. या पुलीला आत एक कडं, बाहेर एक, मधे रबर. इंजिनाचा झटका ते रबर पितं. आता ते वाळून फाटलंय. तसंच ठेवलं तर बाहेरचं कडं कधीतरी सुटून जाईल, आणि काका गाडीत असतील.”

“काढ,” बाबा म्हणाले.

पुलीच्या मधला बोल्ट जाम होता. इंजिन फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून कुणीतरी ब्रेक दाबून धरायला हवा होता. बाबांचा गुडघा दुखत होता, म्हणून मी चढले. सीट भावाच्या लांब पायांच्या हिशेबानं मागे होती. बाबांनी ती पुढे ओढलीच नव्हती. पाठीशी उशी दुमडून गाडी चालवत होते. मी ती उशी पाठीशी घेतली आणि सीटच्या पुढच्या कडेला सरकून ब्रेकवर पाय टेकवला. मेस्त्रीने पान्याला लांब पाइप लावला आणि अंगाचा भार टाकला. गाडी तळापासून करकरली. सीटखालून वर आलेला तो ताण माझ्या मणक्यात शिरला. मागे कुणीतरी बसलं आहे, असं मला अगदी स्पष्ट वाटलं. मी आरशात पाहिलं नाही. कडकन आवाज झाला, बोल्ट सुटला, आणि मेस्त्री म्हणाला, “बस, ताई. सोडा.” माझा पाय लगेच निघेना.

पुलरने ओढून पुली निघाली. त्याने मागचं ऑइलसील तपासलं, नवी पुली बसवली, पट्टा चढवला. किल्ली बाबांनी फिरवली. इंजिन चालू झाल्याचं मला आधी कळलंच नाही. मेस्त्रीला अशा वेळी शाबासकीची सवय असावी. आमच्या दोघांकडे बघून त्याने हळूच बॉनेट लावलं.

पुलावरून आलो तेव्हा घरातून कुणी बाहेर आलं नाही. बाबा दारात उभे राहिले, तेव्हा आई दचकली. “कवा आलात? गाडी कुठं टाकलीत?”

“अंगणात आहे.”

ती बाहेर येऊन गाडीकडे पाहत राहिली. बाबांनी न सांगताच गाडी पुन्हा चालू केली. तिने ऐकलं. मग म्हणाली, “बंद करा. डिझेल जळतंय.” आणि आत गेली.

पूर्वी भाऊ ठरल्या वेळी यायचा आणि जायचा. आता त्याची अशी ठरलेली वेळ उरली नाही. ग्रंथालयात भर दुपारी रस्त्यावरून तशी एखादी जुनी गाडी जाते, आणि मी पुस्तक हातात घेऊन उभी राहते. आईचंही काही वेगळं नसावं. आम्ही त्यावर बोलत नाही.

पण थोड्या दिवसांनी ती संध्याकाळी पुलापर्यंत जाऊ लागली. बाबा चिडायचे. “मी काय लहान पोर हाय?”

“ऐकू येत नाय तुमची गाडी. मंग बघायला नको?”

एका संध्याकाळी बाबांना फार उशीर झाला. मीही तिच्याबरोबर गेले. एकामागून एक दिवे यायचे आणि पुढे जायचे. ती प्रत्येकासाठी मान उंच करायची. शेवटी एक गाडी काही आवाज न करता आमच्याजवळ थांबली. बाबांनी आतून दार ढकललं.

“एवढा वेळ?” आई ओरडली. “कुठं होतात तुमी?”

“मार्केटात. बस आधी.”

भाऊ गेल्यापासून ती त्या गाडीत चढली नव्हती. तिने पदर खोचला, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि चढली. मी बाहेरूनच दार लावलं, दोघांना पुढे जाऊ दिलं आणि घरापर्यंत गाडीच्या मागून चालत आले.